मामांचा डोळा आणि नळीचा काटा

आमच्या कारखान्यात सुतारकामाच्या पटाश्या तयार होतात. मी हिशेब खात्यात आहे. पटाशी धरून मी आयुष्यात एक खुंटीसुद्धा तासलेली नाही. पण पटाशीचे बरेवाईट भट्टीत ठरते एवढे मला कळते, कारण गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल माझ्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात ठेवतात आणि येता-जाता तो पायात येतो. पोलाद हवे तेवढे तापवून तेलात बुडवले की धार टिकते. कमी तापले तर पटाशी नरम राहते, धार मुडपते. जास्त तापले तर ती ठिसूळ होते, कोपरा उडतो. या दोहोंमधली जागा अगदी थोडी. ती जागा ओळखणारा माणूस म्हणजे आमचे भट्टीमामा.

ते कारखान्यात कोणाचेच मामा नव्हते. फार पूर्वी त्यांचा सख्खा भाचा त्यांच्या हाताखाली होता, तो मामा म्हणे म्हणून सगळे म्हणू लागले. भाचा वर्षभरात कंटाळून निघून गेला. मामा मात्र राहिले, आणि मामाच राहिले.

अंगाने वाळलेला, कमी बोलणारा माणूस. उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलेला, कारण भट्टीच्या दारात लिंबाएवढे भोक आहे आणि त्याला ते उजवा डोळा लावत. आतला लाल रंग पाहत आणि आकडा सांगत, "आठशे वीस. अजून जरा येऊ दे." डोळ्यांना ते फार जपत. टीव्ही पाहत नसत. वर्तमानपत्र मामी वाचून दाखवत. मी त्यांच्याच इमारतीत, एक मजला वर राहतो. एकदा जिन्यात म्हणालो, "मामा, बातम्या तरी स्वतः वाचत जा."

"भाऊसाहेब, डोळे कामावर खर्चायचे," ते म्हणाले. "बातम्या काय, कानानेही कळतात. आणि कळून तरी काय करायचंय?"

भट्टीसमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर एक नळी बसवलेली आहे. तिचे खरे नाव पायरोमीटर, पण ते नाव फक्त खरेदीच्या कागदावर. हातभर लांब, पुढे भिंग, मागे दोन तारा, आणि त्या तारा भिंतीवरच्या तबकडीला जोडलेल्या. मी नवा असताना तिची देखभाल करणाऱ्याला विचारले होते, की हिची बॅटरी कुठे बसते, कारण बॅटऱ्यांची खरेदी मला कुठेच दिसत नव्हती.

"बॅटरी नाही, साहेब," तो म्हणाला. "भट्टी हीच हिची बॅटरी."

मग त्याने समजावून सांगितले. भट्टीची धग भिंगातून आत शिरते आणि दोन वेगळ्या धातूंच्या केसासारख्या तारा जिथे जोडल्या आहेत त्या जोडांवर पडते. जोड तापला की तिथे इवलीशी वीज तयार होते. त्या विजेवर साधा दिवासुद्धा लागणार नाही, पण तबकडीतला काटा तेवढ्यावर सरकतो. काटा पाहून भट्टीचा गॅस कमीजास्त करायचा. एवढे मोठे धगधगते प्रकरण, आणि ते चालते त्या एवढ्याशा विजेवर, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. आता कशाचे फारसे वाटत नाही.

हा देखभाल करणारा म्हणजे काटेवाला. कारखान्यातले झाडून सगळे मीटर त्याच्या ताब्यात, म्हणून काटेवाला. चाळिशी ओलांडलेला, तोंडाचा मोकळा, दोन मुली शाळेत, बायको घरी शिवणकाम करणारी.

नळीच्या मागे एक स्क्रू आहे. तो फिरवला की काटा थोडा वर किंवा खाली लावता येतो. नळी वर्षातून एकदा बाहेर तपासून आणायची, असा मूळचा नियम. पण ती बाहेर गेली की भट्टी नळीवाचून चालवावी लागे, आणि ती चालवत मामाच, नुसत्या डोळ्याने. एका वर्षी तपासणीचे आकडे आले ते मामांनी आधी सांगून ठेवलेल्या आकड्यांशी जुळले. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "मग पाठवायची कशाला? घरचं भांडं असताना शेजारी मागायला का जायचं?" तेव्हापासून नळी बाहेर गेली नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी मामा भोकाला डोळा लावत आणि काटेवाला नळीमागे स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा राही.

"मामा, किती?"

"आठशे चाळीस."

काटेवाला काटा आठशे चाळीसवर आणी. काम संपले.

"तुझी नळी गुणाची रे," मामा म्हणत. "मी म्हणेन ते ऐकते. घरी कोणी इतकं ऐकत नाही."

"घरी मागे स्क्रू नाही ना, मामा."

हा विनोद दर आठवड्याला होई, आणि दर आठवड्याला भट्टीवरची माणसे हसत. वर्षानुवर्षे असे चालले. मॅनेजर बदलले, तेल बदलले, पोलाद देणारे बदलले. ही रीत बदलली नाही.

मागच्या वर्षी मामांनी रजा घेतली. अर्जावर कारण लिहिले होते, गावी जमिनीचे काम. खरे कारण वेगळे होते, ते मला पुढे कळले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि उजवा पिकला होता. त्यांनी परस्पर उजव्याचे ऑपरेशन करून घेतले. लपवण्याचे कारण साधे होते. डोळ्याचे ऑपरेशन झालेला माणूस भट्टीवर ठेवायचा नाही, असा कारखान्याचा नियम आहे. त्याला पॅकिंगला पाठवतात. पॅकिंगचे काम वाईट नाही. सावलीत बसून पटाश्यांना तेलकट कागद गुंडाळायचा आणि खोक्यात भरायच्या. पण भट्टी सोडून मामांना दुसरे काहीच येत नव्हते, आणि भट्टी सोडली तर त्यांना कोणी काही विचारणारही नव्हते. निवृत्तीपर्यंतची उरलेली थोडी वर्षे भोकापाशी जावीत, एवढीच त्यांची इच्छा.

त्या रजेत मी एकदा खाली त्यांच्याकडे गेलो होतो. काळा चष्मा लावून बसले होते. "डोळे आलेत," म्हणाले. "फार जवळ बसू नका." मामींनी चहा आणला. मामांनी चष्मा जरा वर केला आणि खोलीभर पाहून मामींना विचारले, "भिंतींना रंग कधी दिला गं?"

"कोणी दिला? लग्न झाल्यापासून मी सांगतेय, द्या द्या."

"पांढऱ्या झाल्यात."

"होत्याच पांढऱ्या. तुम्हीच पिवळट, पिवळट म्हणत होतात." मग मला म्हणाल्या, "परवा सदऱ्यावरून भांडले, भाऊजी. हा माझा नव्हे म्हणे, माझा मळकट रंगाचा होता. अहो, धुऊन धुऊन हात गेले माझे."

मी हसलो आणि चहा पिऊन वर आलो.

मामा कामावर आले त्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी काटेवाल्याला स्क्रू नेहमीपेक्षा बराच फिरवावा लागला. काटा खाली होता आणि मामा वरचा आकडा सांगत होते.

"मामा, आज फारच मागे पडलीय."

"भिंगावर धूळ बसली असेल. मी नव्हतो ना."

भिंगावर धूळ बसली की नळीला धग कमी पोचते आणि काटा मागे पडतो, हे खरेच आहे. काटेवाल्याने भिंग पुसले, स्क्रू फिरवला, काटा मामांच्या आकड्यावर आणला. कोणाला काही वावगे वाटले नाही.

मग व्हरांड्यात परत आलेल्या मालाची खोकी वाढू लागली. एरवी परत येत त्या कोपरा उडालेल्या पटाश्या. आता येऊ लागल्या त्या धार मुडपलेल्या. तपासणीवाले प्रत्येक घाण्यातल्या दोन-चार पटाश्या कानशीने घासून पाहत, पण थोडाफार नरमपणा कानशीला कळत नाही. मॅनेजरांनी आधी पोलादवाल्याला धारेवर धरले. मग तेल बदलले. मग भट्टीकडे वळले, तर तिथे दोन साक्षीदार हजर. नळी म्हणे आठशे चाळीस, मामा म्हणत आठशे चाळीस. दोन साक्षी जुळल्यावर बोलायचे कोणाला?

शेवटी मॅनेजरांना त्या स्क्रूचा पत्ता लागला. आपल्या कारखान्यात एक माणूस दर आठवड्याला उष्णतेचे माप स्वतःच्या हाताने हलवतो, हे ऐकून ते खुर्चीतून उठलेच म्हणतात. काटेवाल्याला कामावरून कमी का करू नये, अशी नोटीस निघाली. चौकशीला मॅनेजर आणि हिशेब खात्यातर्फे मी.

"स्क्रू कोणाच्या परवानगीने फिरवतोस?" मॅनेजरांनी विचारले.

"परवानगी कसली, साहेब? मामा आकडा सांगतात, मी फिरवतो."

"म्हणजे अंदाजाने."

"मामांचा अंदाज नसतो, साहेब."

"मग पटाश्या नरम का पडतात?"

एरवी ज्याचे तोंड बंद होत नाही तो माणूस स्वतःच्या चपलांकडे पाहत बसला होता.

मला त्या वेळी कॉलेजात शिकलेला पहिला धडा आठवला. रोकड ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती द्यायची नाही. दिली तर दोन्हींचा मेळ रोज बसेल, आणि त्या मेळाला काडीची किंमत नसेल. इथे मामा आकडा सांगत होते आणि नळीही मामांचाच आकडा सांगत होती. साक्षीदार दोन दिसत होते, माणूस एकच होता. मी हे मॅनेजरांना सांगितले. त्यांना पटले, पण उलट बाजूने. "उद्या मामांना बोलावू," ते म्हणाले. "त्यांनी फक्त एवढंच सांगायचं, की मी सांगत होतो ते वेगळं आणि हा लावत होता ते वेगळं. विषय संपला. भट्टी काही मामांवाचून चालायची नाही. काटेवाला दुसरा मिळेल."

त्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटताना मामांनी मला निरोप पाठवून भट्टीपाशी बोलावले. माणसे हातपाय धुवायला गेली होती. मामा भोकासमोर उभे होते. त्यांनी डावा डोळा मिटून उजव्याने पाहिले. मग उजवा मिटून डाव्याने. मग पुन्हा उजव्याने.

"काय करताय, मामा?"

"भाऊसाहेब, भट्टी एक आहे की दोन?"

"एकच."

"मला दोन दिसतात. या डोळ्याने जास्त तापलेली, या डोळ्याने कमी. हे आत्ता पंधरवड्यापूर्वी कळलं. उजव्यात घाम गेला म्हणून डावा लावला, तर रंगच वेगळा." मग त्यांनी ऑपरेशनचे सांगितले. अगदी सरळ, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावे तसे. "म्हण आहे ना, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला दोन दिले, आणि दोघांचं आपसात पटेना."

मी तिथल्या उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसलो. भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, सदरा पांढरा झाला होता. मग भट्टी तरी पूर्वीइतकीच लाल कशी दिसणार? ती उजळ दिसली म्हणून मामांनी वरचा आकडा सांगितला, काटेवाल्याने काटा तिथे नेला, आणि काट्याला खरे मानून सगळ्यांनी भट्टी थंड चालवली.

"पंधरवडा गप्प का बसलात?"

"रोज ठरवत होतो, आज सांगू." ते भट्टीकडे पाहत बोलत होते. "उद्या मला काय विचारणार?"

मी त्यांना मॅनेजरांची सोय सांगितली. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. मॅनेजर म्हणतील तसे म्हणायचे, की काटेवाला काटा परस्पर खालीवर करायचा, आणि भट्टी त्यांचीच.

"आणि खरं सांगितलं तर पॅकिंग."

"हो. नियम आहे."

"तुम्ही सांगणार आहात का?"

"तुमचा डोळा, मामा. तुम्हीच सांगायचं. पण माझ्यासमोर तुम्ही खोटं बोललात, तर त्या कागदावर माझी सही नसेल."

त्यांनी उजव्या डोळ्यातला घाम पुसला. मग म्हणाले, "दमलो हो," आणि भट्टीच्या भोकावरचे झाकण ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. काटेवाला कोपऱ्यात उभा होता.

"मामा, एवढंच सांगा. हा काटा चुकीचा लावत होता ना?"

"नाही, साहेब. मी सांगितला तिथेच लावला. नळी माझं ऐकते, हाही माझं ऐकतो. चूक माझ्या डोळ्याची आहे." आणि त्यांनी सगळे सांगितले, जमिनीच्या खोट्या कारणासकट.

काटेवाला मध्येच म्हणाला, "मामा, कशाला..."

"तू गप्प बस. स्क्रू फिरवायला सांगितलं का तुला?"

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनाही भट्टीची काळजी होती. बराच वेळ पेन वाजवत बसले आणि मग म्हणाले, "डावा डोळा जुनाच आहे ना? त्याला काही केलेलं नाही. तो बरोबर सांगत असेल तर तुम्ही डाव्याने बघा. नियमाचं मी वर बोलेन."

हे ऐकून मामांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. कालपासून ते हेच मनात धरून असावेत. डावा शाबूत आहे. डावा म्हणजे पूर्वीचे मामा.

दुसऱ्या एका कारखान्यातून मॅनेजरांनी एक कांब मागवली. तिच्या टोकाशीही तसाच दोन धातूंच्या तारांचा जोड असतो, पण तो लांबून धग खात नाही, थेट भट्टीत शिरतो. ती नुकतीच तपासून आणलेली होती. आम्ही सगळे भट्टीसमोर उभे राहिलो. मामांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डावा भोकाला लावला. एवढा वेळ मी त्यांना कधी पाहताना पाहिले नव्हते.

"आठशे दहा," ते म्हणाले.

भिंतीवरचा काटा, उजव्या डोळ्याने शिकवलेला, आठशे ऐंशी दाखवत होता. काटेवाल्याने कांब आत सारली. आकडा चढत गेला, आठशे दहावर थांबला नाही, आणि आठशे पन्नासला स्थिर झाला.

"पुन्हा घाल," मामा म्हणाले.

त्याने पुन्हा घातली. तेच.

मामा माझ्याकडे वळले. "म्हणजे डावाही?"

"डावाही, मामा."

"तो कमी सांगतो."

"हो."

"उजवाही मग ऑपरेशनच्या आधी असाच कमी सांगत असणार." ते हळूहळू, स्वतःशीच जुळवत गेले. "मी कमी सांगायचो, हा काटा खाली आणायचा, आणि भट्टी जास्त तापायची. ते कोपरे उडायचे... आपण म्हणायचो, गिऱ्हाईक हातोडी जोरात मारतं."

मोतीबिंदू एका दिवसात येत नाही. तो किती वर्षे हळूहळू पिवळा होत गेला आणि त्याच्याबरोबर आमची नळी किती वर्षे सरकत गेली, हे सांगणारे कोणी नव्हते. मॅनेजर हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, मामा." मामांनी मान डोलावली. मग सवयीने भोकावर झाकण ओढायला गेले, पण भट्टीवरच्या दुसऱ्याने ते आधीच ओढले होते.

काटेवाल्याची नोटीस मागे घेतली. कारखान्याने स्वतःची कांब विकत घेतली आणि आता नळी दर आठवड्याला तिच्याशी जुळवतात. मालाच्या तक्रारी कमी झाल्या. मामा पॅकिंगला गेले. तिथे ते कागद गुंडाळतात ते नीट, घडीवर घडी. बाकीच्यांपेक्षा सावकाश गुंडाळतात, पण कोणी काही म्हणत नाही. काटेवाला आठवड्याच्या पहिल्या दिवशी भट्टीवरून उतरला की त्यांच्या बाकाशी येतो आणि न विचारता सांगून जातो, "मामा, आज काटा हललाच नव्हता. होता तिथेच होता." मामा म्हणतात, "बरं झालं," आणि पुढची पटाशी घेतात.

गेल्या आठवड्यात ते माझ्या खोलीत आले. रजेचा अर्ज हवा होता.

"कारण काय लिहू?" मी विचारले.

"डोळा लिहा. डावा."

"ठरलं?"

"इतके दिवस ठेवला होता, की एक तरी खरा असेल. आता ठेवून काय करायचं? घरी ही म्हणते, निदान वर्तमानपत्र तरी स्वतः वाचा, माझा घसा बसला." त्यांनी अर्जावर सही केली. खाली काटेवाला स्कूटरचा हॉर्न वाजवत होता. दवाखान्यात तोच नेणार होता.

मामा उठले. दारात थांबून त्यांनी माझ्या खोलीची भिंत पाहिली, एकदा डावा डोळा मिटून आणि एकदा उजवा मिटून.

"उद्यापासून ही पांढरीच," ते म्हणाले, आणि व्हरांड्यातून जिन्याकडे गेले.